तीन क्यूबवर उभा राहिलेला प्रबंध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एम.टेक.च्या व्हायवांचे दिवस आले की पश्चिम महाराष्ट्रातल्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागांत एक विषय हमखास दिसतो: सिमेंटच्या काही भागाऐवजी उसाच्या चिपाडाची राख घालून केलेले काँक्रीट. विषय चांगला आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघालेली राख आवारात ढीग लावून पडलेली असते, तिच्यात सिलिका भरपूर असते आणि सिमेंट जितके वाचेल तितका भट्टीचा कोळसा आणि धूर वाचतो. आमचे म्हणणे विषयाबद्दल नाही. तो ज्या तऱ्हेने उरकला जातो, आणि त्यावर पदवी, शोधनिबंध आणि गाइडची बढती असे सगळे कसे बेतले जाते, त्याबद्दल हे पत्र आहे.

कामाचा साचा ठरलेला आहे. एम ३० दर्जाचे, म्हणजे २८ दिवसांनी ३० मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचे एकक) ताकद अपेक्षित असलेले मिश्रण घ्यायचे. राख ०, ५, १०, १५ आणि २० टक्के. प्रत्येक टक्क्याचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे, ७ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे, तीन २८ दिवसांनी. आलेख थोडा चढतो, दहा टक्क्यांवर टेकतो आणि उतरतो. निष्कर्ष: दहा टक्के राख सर्वोत्तम. बहुतेक प्रबंधांत साध्या मिश्रणाची ताकद ३८ मेगापास्कलच्या आसपास असते आणि दहा टक्क्यांची ४० किंवा ४१.

हा दोन-तीन मेगापास्कलचा फरक राखेचा आहे हे तीन क्यूबवरून सांगता येत नाही. एकाच घमेल्यातून भरलेले क्यूबही सारखे फुटत नाहीत. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे तिन्ही क्यूब सरासरीच्या १५ टक्के वर-खाली असले तरी निकाल ग्राह्य धरतात, म्हणजे ३८ च्या सरासरीत एक क्यूब ३३ चा आणि एक ४३ चा असू शकतो. काम फार काळजीने झाले आणि क्यूबमधले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) अवघे २ मेगापास्कल निघाले असे धरू. तरीही तीन-तीन क्यूबच्या दोन सरासऱ्यांत सुमारे साडेचार मेगापास्कलचे अंतर पडल्याशिवाय तो योगायोग नव्हे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. क्यूब नऊ-नऊ केले तर तेच अंतर दोनवर येते. हे गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्रात शिकवलेले असते. प्रबंधात मात्र ते क्वचितच दिसते.

नऊ क्यूब एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून भरले तरी भागत नाही. खरा फरक पडतो तो एका दिवसाच्या मिश्रणात आणि दुसऱ्या दिवसाच्या मिश्रणात, आणि त्याचे सर्वात मोठे कारण वाळूतले पाणी. एका घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाण असेल तर पाणी १७१ लिटर. वाळू ७०० किलो धरा. पावसाळ्यात शेडच्या कडेला पडलेल्या क्रश सँडवर ३ टक्के मोकळे पाणी असले तर २१ लिटर पाणी न मोजता मिश्रणात गेले. प्रमाण ०.४५ चे ०.५० च्या वर गेले. एवढ्याने ताकद जितकी उतरते तितका परिणाम पाच टक्के राखेचा होतही नाही. म्हणून प्रत्येक कास्टिंगच्या, म्हणजे क्यूब भरण्याच्या, दिवशी सकाळी अर्धा किलो वाळू तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढलाच पाहिजे, आणि त्यातून वाळूचे स्वतःचे जलशोषण वजा करून पाणी बदलले पाहिजे. अर्ध्या तासाचे काम आहे. ते टाळले की पुढचे सहा महिने वाया.

दुसरी चूक वजनाने बदली करताना होते. सिमेंटचे विशिष्ट गुरुत्व ३.१५, राखेचे सुमारे २.१. दहा टक्के, म्हणजे ३८ किलो सिमेंट काढले की १२ लिटर जागा मोकळी होते. तेवढ्याच वजनाची राख १८ लिटर जागा घेते. घनमीटरमागे सहा लिटर जास्तीची पेस्ट झाली. वीस टक्क्यांना बारा लिटर. मिश्रण ठरवण्याच्या मानकाच्या, आयएस १०२६२ च्या, पद्धतीने खडी-वाळूचे घनफळ पुन्हा काढले नाही तर प्रत्येक टक्क्याला मिश्रणच वेगळे होते आणि तुलना राखेची राहत नाही.

मग सीटीएम, म्हणजे क्यूब दाबून फोडण्याचे यंत्र. १५० मिलिमीटरच्या क्यूबचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. मानकाने सांगितलेला वेग मिनिटाला १४ मेगापास्कल, म्हणजे मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. ३८ मेगापास्कलचा क्यूब ८६० किलोन्यूटनच्या आसपास फुटतो, तेव्हा एका क्यूबला पावणेतीन मिनिटे लागायला हवीत. हाताने व्हॉल्व्ह फिरवायच्या यंत्रावर, रांगेत आणखी तीस क्यूब असताना, तो मिनिटाभरात फोडला जातो. भार घाईने दिला की ताकद जास्त दिसते. वरच्या प्लेटची गोलाकार बैठक काँक्रीटच्या धुळीने अडकलेली असते, ती क्यूबबरोबर झुकत नाही आणि भार एका कडेवर येतो. चांगला फुटलेला क्यूब वाळूच्या घड्याळासारखा दिसतो: चारही बाजू सुटतात, वर-खाली दोन पिरॅमिड उरतात. एकच बाजू सोलून निघाली असेल तर तो आकडा लिहून पुढे जायचे नसते. बैठक साफ करायची, क्यूब मध्यावर आहे का आणि भरताना जी बाजू वर होती ती आता कडेला आहे का, ते बघायचे. क्यूब टाकीतून काढल्यावर पृष्ठभागाचे पाणी पुसून ओला असतानाच तपासायचा. उन्हात ठेवलेला क्यूब जास्त ताकद दाखवतो.

आणखी एक साधी गोष्ट फार उपयोगाची आहे: फोडण्याआधी प्रत्येक क्यूबचे वजन. तो ८.१ किलोच्या आसपास भरायला हवा. सहापैकी एक ७.८ भरला तर तो नीट ठासला गेलेला नाही, आणि हे यंत्रावर जाण्याआधीच कळते.

आता सामानाचा हिशेब, कारण नऊ क्यूब म्हटले की ‘परवडत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. पाच मिश्रणे, दोन वयांची चाचणी, प्रत्येकी नऊ क्यूब: एकूण ९०. दिवसाला सहा क्यूब, प्रत्येक मिश्रण तीन वेगवेगळ्या दिवशी. सहाच मोल्ड लागतात आणि कास्टिंगचे पंधरा दिवस. वाया जाणारे १५ टक्के धरून काँक्रीट ३५० लिटर. त्यात सिमेंट आणि राख मिळून १३३ किलो. तीन गोण्यासुद्धा नाहीत. त्या एकाच दिवशी, एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवाव्यात. जुलैच्या दमट हवेत उघडी गोणी महिनाभरात गठ्ठे धरते. सामान परवडते. नसतात त्या दोन गोष्टी: मोल्ड उघडायला, साफ करायला आणि वजने उचलायला प्रशिक्षित प्रयोगशाळा सहायक, आणि वर्षातून एकदा सीटीएमचे कॅलिब्रेशन. सहायकांच्या जागा अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवून, वर मानांकनाची कागदपत्रे सांभाळून, कास्टिंगला उभे राहायचे असते. तो उभा राहत नाही, आणि विद्यार्थी रोजंदारीवर मजूर लावून क्यूब भरून घेतो.

राखेकडे तर सर्वात कमी लक्ष जाते. तिसरे सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा गाळप बंद असते. विद्यार्थी कारखान्यात जाऊन उघड्यावरच्या ढिगातून पोते भरून आणतो. ती राख मागच्या हंगामाची, पावसात भिजलेली, मातीत मिसळलेली असते. ती बॉयलरच्या तळाची की चिमणीजवळच्या स्क्रबरची, त्या आठवड्यात भट्टीत नुसते चिपाड होते की कोळसाही, हे कोणी सांगू शकत नाही. भट्टी फार तापली तर सिलिका स्फटिकरूप होते आणि चुन्याशी तिची प्रक्रिया मंदावते. अर्धवट जळालेल्या चिपाडाचे काळे तंतू उरले तर ते पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारे रसायन) शोषून घेतात आणि स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, कमी होतो. मग विद्यार्थी पाणी वाढवतो, आणि उतरलेली ताकद राखेच्या नावावर लिहिली जाते. आयआयटी मद्रासमध्ये या राखेवर झालेल्या कामाने वाट दाखवलेली आहे: राख वाळवून ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढली की ते तंतू बरेचसे वर राहतात, आणि खालची राख सिमेंटइतकी बारीक दळली की ती खऱ्या अर्थाने काम करते. त्याआधी थोडी राख मूषेत (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) जाळून वजनातली घट मोजावी. औष्णिक केंद्राच्या राखेला मानकाने ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. चिपाडाच्या राखेलाही तीच कसोटी लावायला हरकत नाही.

अशा राखेची (पोझोलानाची) चुन्याशी होणारी प्रक्रिया सावकाश चालते. तिचा निवाडा २८ दिवसांत करणे अन्यायाचे आहे. ७ दिवसांचे क्यूब सोडून ९० दिवसांचे करावेत, संख्या तीच राहते. कोकण किनाऱ्यावरच्या पुलाला दोन मेगापास्कल जास्त-कमी फारसे लागत नाहीत. क्लोराइड आत किती वेगाने शिरते ते लागते. १०० मिलिमीटर व्यासाची, ५० मिलिमीटर जाडीची चकती, ६० व्होल्ट, सहा तास, आणि त्यातून गेलेले कूलोम (विजेचे माप): ही चाचणी राज्यातल्या मोठ्या संस्थांत होते. विभागाने चार चकत्या तिकडे पाठवल्या तरी प्रबंधाला वजन येईल.

हे सगळे न होण्यामागे शोधनिबंधांची मोजणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही बंद केली. महाविद्यालयांत मात्र एम.टेक.च्या मुलाकडूनही निबंध मागतात आणि प्राध्यापकाच्या अर्जात निबंधांची संख्याच मोजतात. निबंध पैसे भरून चार दिवसांत छापून मिळतो. ९० दिवसांचा क्यूब ९० दिवसांनीच मिळतो. या दोन घड्याळांपैकी कोणते लावायचे हे विभागप्रमुखाला ठरवता येते. त्याला आयोगाची परवानगी लागत नाही.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे मागणी अशी. निबंधाची अट काढा आणि तिच्या जागी नोंदवही मागा. प्रत्येक क्यूबचा क्रमांक, कास्टिंगची तारीख, त्या सकाळचा वाळूचा ओलावा, वजन, तिन्ही मापे, फुटतानाचा भार, लागलेला वेळ आणि फुटलेल्या क्यूबचा फोटो, हे प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडलेले असावे. बाहेरच्या परीक्षकाने व्हायवाला आधी ती उघडावी. प्रत्येक विभागाने एक साधे मिश्रण कायमचे ठरवावे आणि येणाऱ्या प्रत्येक तुकडीने त्याचेही क्यूब भरावेत. पाच वर्षांत त्या प्रयोगशाळेचे स्वतःचे विचलन कळेल, यंत्र कधी बिघडले ते आलेखावर दिसेल, आणि प्राध्यापकाच्या हाती स्वतःच्या संशोधनाचा पाया येईल. सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. त्यातल्या पहिल्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि विषय पहिल्या वर्षाच्या जानेवारीत ठरावा. दुसरे सत्र चालू असते तेव्हा गाळपही चालू असते. फेब्रुवारीत विद्यार्थ्याने कारखान्यावर जावे, बॉयलरचालकाला विचारून एकाच ठिकाणची कोरडी राख दोन-तीन पोती घ्यावी, तारीख आणि त्या दिवशीचे जळण लिहून घ्यावे, चाळून, दळून, एकत्र मिसळून झाकणाच्या ड्रममध्ये बंद करावी. ऑगस्टमध्ये कास्टिंग सुरू केले तर डिसेंबर संपण्याआधी ९० दिवसांचे क्यूब फुटलेले असतील, आणि काही चुकले असेल तर ते पुन्हा भरायला शेवटचे सत्र हातात उरेल.

आपला,
स्थापत्य अभियांत्रिकीचा एक अध्यापक, सांगली