आधी माणसं मोज, मग डोंगर बघ

नाशिक

प्रिय वैशू,

मृण्मयीचं लग्न इगतपुरीच्या डोंगरात करायचं घाटतंय हे वाचून फार आनंद झाला. खर्चाचा अंदाज विचारलास, म्हणून सविस्तर लिहितेय.

रिसॉर्टला आत्ताच इसार देऊ नकोस. आधी तू आणि भाऊजी बसून मुक्कामाला कोण कोण राहणार, त्यांची नावं लिहून काढा. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न असलं की पाहुणा एक वेळ जेवतो आणि घरी जातो. डोंगरावर तोच पाहुणा हळदीच्या दुपारी येतो. त्या दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-फराळ, संगीताचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि मग लग्नाची पंगत. माणशी ताटाचा दर ऐकून खर्च काढशील तर फसशील.

खोल्यांचंही तसंच. १२० माणसं, एका खोलीत तिघं, म्हणजे ४० खोल्या. दर ६ हजार धरला तरी एका रात्रीचे २ लाख ४० हजार झाले, आणि अजून फुलाची पाकळीही आणलेली नाही! पण आपलं नाशिकचं गणगोत मुक्कामाला कशाला हवं? इगतपुरी इथून ४५ किलोमीटरच्या आसपास. लग्नाच्या सकाळी दोन बस सोड, जेवणं झाली की परत. मुक्कामाला ८० च राहिले तर २७ खोल्यांत भागेल. मुंबईकर रेल्वेनं थेट इगतपुरीला उतरतील, तिथून गाडी पाठवायची. वाचलेले पैसे खोल्या चांगल्या घेण्यात घाल. तुझ्या आत्यांचे गुडघे आठव. चढावरच्या कॉटेजमध्ये त्यांना दोन दिवस कोंडून ठेवू नकोस, मांडवाजवळची तळमजल्याची खोली आत्ताच मागून घे.

कोटेशन हातात आलं की जीएसटी त्यात आहे की वेगळा, हे विचार. गुरुजी, वाजंत्री, फोटोग्राफर, मेकअपवाली यांचं राहणं-खाणं, मांडववाल्याचा टेम्पो, जनरेटरचं डिझेल हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे डीजेला मध्यरात्रीपर्यंतचे पैसे मोजू नकोस.

पावसाळ्याचं नावच काढू नकोस, तिथे पाऊस कोसळतो नुसता. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, त्यात बरेचजण लग्न करत नाहीत, आणि वर्षअखेरीला रिसॉर्टचे दरही कडाडलेले असतात. फेब्रुवारीतला मधल्या वाराचा मुहूर्त मिळाला तर दर नक्की घासाघीस करून घे. सिंहस्थाचं, म्हणजे गुरू सिंह राशीत असतो त्या काळाचं, गुरुजींना आधीच विचार, आपल्याकडे काहीजण तेव्हा लग्न करत नाहीत.

आणि वारा! माझ्या भाचीच्या लग्नात दरीच्या कडेला मांडव होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाट असा फडफडायला लागला की धरणाऱ्या दोघांना टोकं मनगटाला गुंडाळावी लागली. होमाचा धूर सगळा वधूच्या डोळ्यांत. तेव्हा दरीच्या बाजूनं आडोसा हवा, त्याचे पैसे सजावटीतच धर. फुलांच्या कमानी दोन कमी झाल्या तरी चालतील. समोर डोंगर आहेच, आणि मृण्मयीला तोच हवाय.

एकूण बेरजेवर दहा टक्के वरखर्चाला बाजूला ठेव. यादी झाली की मला पाठव. इथल्या बसवाल्यांचे आणि आचाऱ्यांचे दर मी काढून ठेवते, आणि जागा बघायला तू येशील तेव्हा मीही येते.

भाऊजींना नमस्कार, मृण्मयीला खूप खूप आशीर्वाद.

तुझी,
अंजू