पहिली रेकॉर्ड पाचशेच काढ

प्रिय बंड्या,

तुझं पत्र आणि गाणी, दोन्ही मिळालं. बँड उत्तम आहे, पेडल स्टीलवाला (ती पेडलांची आडवी गिटार वाजवणारा) तर खासच. पण तू काढतोयस त्या लेबलाच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, पहिल्याच रेकॉर्डच्या दोन हजार प्रती काढायचा बेत सोडून दे. पाचशे काढ. का, ते नीट लिहितो. रूट्स आणि ऑल्ट-कंट्रीची, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताची आणि बाजारू नसलेल्या कंट्रीची, ही छोटी लेबलं मुळात कशावर तगतात, तेही ओघात येईलच.

उदाहरणासाठी लांब जायला नको, ब्लडशॉट तुझ्या शिकागोचंच. नॅन वॉरशॉ, रॉब मिलर आणि एरिक बॅबकॉक या तिघांचं ते लेबल. १९९४ मध्ये त्यांनी पहिली सीडी काढली ती एका बँडची नव्हतीच. पंकमधून कंट्रीकडे वळलेल्या शिकागोतल्या मंडळींची गाणी जमवून केलेलं ते संकलन होतं, 'फॉर अ लाइफ ऑफ सिन'. मुखपृष्ठ गायक-चित्रकार जॉन लँगफर्डचं. कंट्रीची बाजारपेठ असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत मालाला डिवचायला स्वतःच्या मालाला त्यांनी नाव दिलं 'इन्सर्जंट कंट्री', म्हणजे बंडखोर कंट्री. युक्ती अशी की एकाच सीडीला दहा-पंधरा बँडांचे चाहते गिऱ्हाईक म्हणून मिळतात. तू मात्र एवढ्यात संकलनाच्या वाटेला जाऊ नकोस. प्रत्येक गाण्यासाठी रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी वेगळी आणि गीतकाराची वेगळी. मग दर सहा महिन्यांनी तीसेक जणांना सात-आठ डॉलरचे हिशेब पाठवत बसायचं. पहिल्या वर्षी हा कुटाणा कुणी सांगितलाय?

ब्लडशॉटकडे बघून दुसरी गोष्ट कळते ती अशी की, चांगला गाणारा पुढे जातोच. ओल्ड ९७ज या बँडची 'रेक युवर लाइफ' १९९५ मध्ये इथून निघाली आणि पुढची रेकॉर्ड इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडे गेली. गायक रायन ॲडम्सची 'हार्टब्रेकर' इथलीच, २००० ची, आणि २००१ मध्ये त्याची 'गोल्ड' लॉस्ट हायवे या दुसऱ्या लेबलाकडून आली. गायिका नेको केस अँटी या लेबलाकडे गेली. यात रुसण्यासारखं काही नाही. छोट्या लेबलाच्या हाती उरते ती जुनी रेकॉर्ड, आणि गायक मोठा झाला की तीच खपते. २०२१ मध्ये एक्सलरेशन म्युझिकने ब्लडशॉट घेतलं तेव्हाही खरं मोल जुन्या यादीचंच होतं असं मी मानतो. म्हणून ती रेकॉर्ड किती वर्षं तुझ्याकडे राहणार, हे करारातलं सगळ्यात महागाचं वाक्य. 'हार्टब्रेकर'चीही नवी आवृत्ती २०१६ मध्ये ॲडम्सच्या स्वतःच्या पॅक्स-ॲम या लेबलने काढली, हे लक्षात ठेव.

कायमची मालकी मागू नकोस. चांगले बँड आता देतही नाहीत. सात वर्षांचा परवाना घे, वर उरलेला माल विकायला सहा महिने. नफा निम्मा-निम्मा, पण खर्च वजा जाता. भांडणं होतात ती या 'खर्चा'वरच, तेव्हा त्यात काय काय धरायचं ते नावानिशी लिही: मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळवणी), कटिंग (मूळ तबकडीवर खाच कापणं), छपाई, मुखपृष्ठ, प्रसिद्धी, फुकट वाटलेल्या प्रतींचं टपाल. तुझं जागेचं भाडं आणि फोनचं बिल त्यात घालायचं नाही. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च बँडला विचारून. पहिल्या रेकॉर्डचा तोटा दुसऱ्या रेकॉर्डच्या कमाईतून वळता करून घ्यायचं कलम सर्रास घातलं जातं. तू घालू नकोस, त्याने माणसं तुटतात. बँड फुटला तर पैसे कुणाच्या नावावर जाणार, हे आजच विचारून घे. आणि पेडल स्टीलवाला बँडचा सभासद नसून रोजावर आलेला असेल, तर त्याची लेखी संमती रेकॉर्डिंगच्याच दिवशी घ्यायची. गाणं पुढेमागे एखाद्या चित्रपटात गेलं की त्या एका सहीवाचून सगळं अडकतं.

आता गाण्यांचे हक्क. यादीत दोन जुनी गाणी आहेत आणि त्यांच्यापुढे 'पारंपरिक' एवढंच लिहिलंय. तेवढ्यावर विसंबू नकोस. १९२०-३०च्या दशकांतल्या कार्टर फॅमिली या गायक कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगराळ भागात हिंडून जुनी गाणी गोळा करायचे आणि ती त्यांच्या नावावर, त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या राल्फ पीअरच्या प्रकाशनसंस्थेत नोंदली जायची. त्यामुळे आजोबांच्या काळचं वाटणारं गाणंही कुणाच्या तरी मालकीचं निघतं. अमेरिकेत त्या काळी प्रकाशित झालेल्या गाण्याचा हक्क ९५ वर्षांपर्यंत चालतो. नेमकी कुठली चाल आणि कुठले शब्द तुमच्या बँडने घेतलेत ते ताडून बघ. हक्क असलाच तर घाबरायचं कारण नाही: एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा गायला कायद्यानेच ठरलेल्या दरात परवाना मिळतो. हा दर २००६ पासून २०२२ पर्यंत प्रत्येक प्रतीतल्या प्रत्येक गाण्याला ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि तेव्हापासून महागाईप्रमाणे दर वर्षी थोडा वाढतो. गाणं पाच मिनिटांहून लांब असेल तर मिनिटावर आकारणी. बँडच्या स्वतःच्या गाण्यांनाही हेच पैसे गीतकाराला द्यायचे, आणि ते पहिल्या प्रतीपासून. खर्च फिटायची वाट बघायची नाही.

प्रेसिंगबद्दल, म्हणजे रेकॉर्डच्या छपाईबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे बुडतात. अकरा गाणी मिळून ४७ मिनिटं होतात, म्हणजे एका बाजूला साडेतेवीस. फार झालं. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची रेकॉर्डवर एका बाजूला १८ ते २० मिनिटं सुखाने बसतात. बावीसच्या पुढे खाचा दाटीने कापाव्या लागतात, त्यासाठी आवाज खाली आणावा लागतो, आणि मग संथ गाण्यांत सुईची खरखर वर येते. दोन गाणी काढ, ती डिजिटलवर दे.

क्रम लावताना हे ध्यानात धर: बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत लिहायचा म्हटल्यावर फिडलची धार आणि गायिकेचे स, श तिथे फाटतात. बँड म्हणेल, शेवट दणक्यात हवा. दणकेबाज गाणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घे आणि प्रत्येक बाजूचा शेवट मध्यम आवाजाच्या, कमी वाद्यांच्या गाण्याने कर. अगदी कुजबुजतं गाणंही शेवटी नको. उभ्या बेसचा खालचा सूर मध्यभागी, म्हणजे मोनो ठेवायला सांग. तो डाव्या-उजव्यात पसरला तर सुई उडते. डिजिटलसाठी ठोकून मोठा केलेला मास्टर कटिंगला पाठवायचा नाही, वेगळा करून घ्यायचा.

पाच-सहा टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासायच्या नमुना प्रती, येतील. त्या बँडला आठवण म्हणून वाटून मोकळा होऊ नकोस. दोन-तीन वेगवेगळ्या टर्नटेबलांवर, पैकी एक साधंच असू दे, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक आणि टकटक झाली की मिनिट-सेकंद लिहून ठेव. एकाच प्रतीत एकाच जागी आवाज असेल तर त्या प्रतीचा दोष, सोडून दे. सगळ्या प्रतींत त्याच जागी असेल तर दोष लॅकरमध्ये (खाच कापलेल्या मूळ तबकडीत) किंवा प्लेटिंगमध्ये (तिच्यावरून धातूचा साचा करण्यात) आहे, परत करून मागायचं. टकटक दर १.८ सेकंदाला येत असेल तर ती एका फेऱ्याला एकदा येतेय, म्हणजे ओरखडा किंवा फुगवटा. आणि मधलं भोक जरा जरी बाजूला गेलं असेल तर सूर हेलकावतो. ढोल-गिटारीत ते खपून जातं. पेडल स्टीलच्या लांब धरलेल्या सुरात लगेच कळतं. तुझ्या रेकॉर्डमध्ये तर ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल, तेव्हा स्टील सगळ्यात जास्त कुठे आहे ते शोधून तेच आधी ऐक. लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूची ओळख) आणि कागदी लेबल जुळतंय का, हेही बघ. दोन्ही बाजूंची लेबलं उलटी लागलेली रेकॉर्ड कारखाना निमूट छापून देतो. टेस्ट पास केल्याशिवाय प्रकाशनाची तारीख जाहीर करायची नाही. मग ती शुक्रवारची आणि तिथून तीनेक महिने पुढची धर, कारण परीक्षणं लिहिणाऱ्यांना आणि कॉलेज रेडिओवाल्यांना तेवढा अवधी लागतोच.

आता तुझे दोन हजार. कारखान्याकारखान्यात भाव बदलतात, हे ढोबळ समज. लॅकर कापणं, प्लेटिंग आणि टेस्ट मिळून हजार-बाराशे डॉलर. हे पाचशे काढ की दोन हजार, तेवढेच. वर पाचशे प्रती आणि त्यांची पाकिटं धरून एकूण पाच हजारांच्या घरात. प्रत दहा डॉलरला पडली. दोन हजार काढल्यास ती साडेसहाच्या आसपास पडेल, आणि तू भुललायस तो या आकड्याला. पण तेव्हा तेरा हजार आधी मोजावे लागतील.

दुकानात रेकॉर्ड २५ ला. दुकानदार घेतो १६ ला, वितरक त्यातले पंचवीस टक्के ठेवतो, तुझ्या हातात १२. त्यातून छपाईचे दहा आणि नऊ गाण्यांचे सव्वा डॉलरच्या आतबाहेर गेले की उरतात बारा आणे. तेही दोन-तीन महिन्यांनी, परत येणाऱ्या मालापोटी काही रक्कम अडकवून. न खपलेला माल दुकानं परत पाठवतात, आणि कोपरे दबलेली रेकॉर्ड पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. उलट घरबसल्या टपालाने विकलीस तर कार्डाचं शुल्क आणि खोका जाऊन २२ हातात पडतात. बँडला १२ ला दे. ते कार्यक्रमाच्या टेबलावर २५ ला विकतील, त्यांचं पेट्रोल सुटेल, आणि तुला रोख मिळेल, परत येणं नाही. चाळीस प्रती फुकट, दीडशे टपालाने, दोनशे बँड, उरलेल्या एकशे दहा दुकानं, असं धरलं तर सात हजार येतात आणि सगळं जाऊन दीड हजार राहतात. एक प्रसिद्धीवाला नेमलास की तेही गेले. मग पैसा कुठे आहे? दुसऱ्या छपाईत. प्लेट कारखान्यात पडलेल्याच असतात, त्यामुळे पुढच्या पाचशे प्रती साडेसात-आठला पडतात. दोन हजार काढलेस तर बँडच्या टेबलावर किंवा टपालात गिऱ्हाईक चौपट होत नाही. वाढीव दीड हजार प्रती दुकानांकडेच जाणार आणि त्यातल्या बऱ्याचशा तुझ्या तळघरात परत येणार.

स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नकोस, पण कागदपत्रं चोख ठेव. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख), रेकॉर्डला बारकोड, स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते: ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांच्या निधीत. तिथे तू आणि बँड वेगवेगळी नोंदणी करा. बँडने केली नाही तर त्यांचा वाटा पडून राहतो आणि शिव्या लेबलाला बसतात. रॉयल्टी वर्षाला दहा डॉलर झाली की माणशी १०९९ हा कराचा फॉर्म भरावा लागतो, तेव्हा ज्याचे त्याचे नाव आणि कर-क्रमांक देणारा डब्ल्यू-९ फॉर्म पहिला चेक द्यायच्या आधीच घेऊन ठेव.

टपालाने पाठवताना मीडिया मेल (पुस्तकं, रेकॉर्ड यांसाठीची सवलतीची टपालसेवा) वापर, स्वस्त पडतं. तबकडी आतल्या कागदी पिशवीसकट मुख्य पाकिटाच्या बाहेर काढून मागे ठेवायची. आतच ठेवली तर वाटेत आपटून ती पाकिटाची कड फाडते, आणि जमवणारे लोक त्या एका चिरेसाठी रेकॉर्ड परत करतात. उन्हाळ्यात दौऱ्यावर निघणाऱ्या बँडला सांग, खोके बंद गाडीत ठेवू नका. टेक्सासच्या उन्हात एका दुपारी पन्नास रेकॉर्ड वाकड्या होतात.

कराराचा मसुदा सहीच्या आधी मला पाठव, खर्चाच्या कलमावर मी खुणा करून देईन. गाण्यांचा नवा क्रमही कळव, आणि कुठली दोन काढतोयस तेही. माझं मत विचारशील तर चौथं आणि नववं.

तुझा,
नंदू