आधी सोफा उलटा करून बघ

नौपाडा, ठाणे
भाद्रपद पौर्णिमा

प्रिय सुध्या,

तू पाठवलेले दोन्ही सोफ्यांचे फोटो काल रात्री बराच वेळ बघत होतो. फोनवर बोललो असतो तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी निकाल सांगतो. चोरबाजारातला तो नक्षीचा सोफा घेऊ नकोस. आमच्या नौपाड्यातल्या एका ओळखीच्या आजी-आजोबांकडचा, वेताच्या पाठीचा जो आहे, तो बघायला मी तुझ्याबरोबर येतो. हे मी काकूंचा विचार करून सांगतोय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आता नेरूळला तुझ्याकडेच राहणार. मागच्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा तुझ्या त्या फोमच्या सोफ्यावर त्या बसल्या, आत रुतल्या, आणि उठायच्या वेळी वहिनी स्वयंपाकघरातून येईपर्यंत तशाच थांबून राहिल्या. मला हळूच म्हणाल्या, "उठायला कुणाला हाक मारावी लागू नये, एवढंच वाटतं रे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

जुन्या लाकडी सोफ्याची बैठक साधारण १७-१८ इंच उंच असते, बेताचीच खोल असते, आणि दोन्ही बाजूंना धरायला भक्कम लाकडी हात असतात. तळवे जमिनीवर टेकतात, हातांवर भार देता येतो. फोटोत हे सगळं दिसत नाही, तिथे टेप घेऊनच जावं लागतं.

आता त्या नक्षीच्या सोफ्याबद्दल. दुकानदार म्हणाला, दीडशे वर्षांचा, व्हिक्टोरियन. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. अँटिक म्हणायला वस्तू शंभरी ओलांडलेली हवी, हा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्याकडचा १९७२चा पुरावस्तूंचा कायदाही बहुतेक वस्तूंना शंभर वर्षांचीच मर्यादा लावतो. त्याच्या अलीकडचं, पण जुन्या वळणाचं, ते व्हिंटेज. तू खालच्या बाजूचा जो तिसरा फोटो काढलास तो मोठा करून बघ. मागच्या पायाजवळ फुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत. तसले स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. कुणी नंतर दुरुस्ती केली असेल तर एखाद-दुसरा सापडतो, पण इथे चारही कोपऱ्यांत तेच आहेत. आणि बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा दिसतात. त्या काळच्या सोफ्यात गोल गुंडाळीच्या स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधलेल्या असतात, खाली तागाच्या पट्ट्या.

मी हे पुस्तकी सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी असाच चकचकीत पॉलिशचा, कोरीव पाठीचा सोफा अडतीस हजारांना घेतला होता. दर्शनी भाग साग, मागची चौकट कुठल्यातरी हलक्या लाकडाची, वर गडद रंग मारलेला. पहिल्याच पावसाळ्यात फरशीवर पिठासारखी भुकटी पडायला लागली. बाबा रोज सकाळी फडक्याने पुसायचे आणि मला काही बोलायचे नाहीत. शेवटी मागचा पाय त्यांच्या वजनानेच मोडला. नशीब, त्यांना लागलं नाही. तेव्हापासून मी कुठलाही सोफा आधी उलटा करून बघतो, बसून मग.

उलटा केल्यावर काय बघायचं ते सांगतो. सांधे बघ. जुन्या सुताराचं काम कुसू-सालीचं असतं, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, आणि सरसाने चिकटवलेलं. असा सांधा हलत असला तरी घाबरू नकोस. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, मिस्त्री तो मोकळा करून पुन्हा बसवू शकतो. खिळे ठोकून आवळलेला सांधा मात्र नको, त्यात लाकूडच फाटलेलं असतं. मग बारीक भोकं शोध. भोकं जुनीही असू शकतात, म्हणून खाली काळा कागद पसरून चार दिवस ठेवायला सांगायचं. फिकट रंगाची ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी आणि कीड सहसा लागत नाही, त्यात नैसर्गिक तेल असतं. बाहेरच्या फिकट लाकडाचा तसा भरवसा नाही. म्हणून रंगापेक्षा न दिसणारी बाजू महत्त्वाची. तिथे पॉलिश नसतं, लाकूड जसं आहे तसं दिसतं.

नौपाड्यातला सोफा मी दोनदा पाहिला आहे. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, भाड्याच्या घरात तो मावणार नाही. गोलसर हात, आडव्या सरळ पट्ट्या, कोरीवकाम जवळजवळ नाहीच. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचं जे वळण, तेच या लाकडात उतरलंय. आजोबा म्हणतात, त्यांच्या लग्नाच्या आधीपासून घरात आहे. शंभर वर्षांचा नक्कीच नाही, आणि ते तसं सांगतही नाहीत. अख्खा साग आहे. एका बाजूचा वेत सैल पडलाय, पण तुटलेला नाही. वेताची जाळी मागून ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळू दिली की पुन्हा ताणली जाते. तुझ्या हॉलमध्ये दुपारचं ऊन थेट येतं, तिथे मात्र ठेवू नकोस, वेत कोरडा पडून तडकेल.

त्यांच्याशी किमतीवरून फार घासाघीस करू नकोस, माझी विनंती आहे. आजी त्या सोफ्याचे हात अजून रोज पुसतात.

आतलं भरण मात्र सगळं काढून टाक, जुन्या काथ्याकापसात ढेकूण असू शकतात. नवं भरण घट्ट घाल. कापड जाड सुती घे. मखमल पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत वास धरते, आणि वहिनींना आवडली तरी खणाची कापडं रोजच्या बसण्याला टिकणार नाहीत, त्यांच्या उशा शिवा.

आणि लिफ्ट मोज! दाराची रुंदी, आतली उंची, दोन्ही. तो सोफा सुटा होत नाही. लिफ्टमध्ये उभा मावला नाही तर जिन्याच्या वळणाचंही माप लागेल.

उद्यापासून पितृपक्ष. काकू काही विकत घेऊ देणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण बघायला आणि मोजायला हरकत नसावी. नाहीतरी पॉलिशची घाई करायची नाहीये. चपडी लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की पांढरट धुरकट होतं. सोफा दसऱ्याला घरी आण, मिस्त्री कोजागिरीनंतर येईल, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय.

शनिवारी ये. काकूंना घेऊनच ये, रिक्षाने स्टेशन, तिथून नेरूळ-ठाणे गाडी, इकडे मी उतरवून घ्यायला येतो. त्या आजींनी चहाला बोलावलंय. काकू त्या सोफ्यावर बसतील, आपण दोघांनी मध्ये न पडता त्यांना उठू द्यायचं, मग ठरवू.

टेप मी आणतो.

तुझा,
बाळ्या