मी खोडलेला पूर्णविराम

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

सगळ्यांसमोर पत्र लिहायला तुम्ही हो म्हणालात, पण "नाव मात्र घालू नका" अशी अट घालून. तेव्हा नुसतं ताई. ज्यांना ओळखू यायचं त्यांना येईलच.

भाचीनं तुमचा नंबर दिला तेव्हा माझ्या डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या माझ्या नावाची, मुदत संपायला २३ दिवस उरले होते. आणि वेबसाइट, डोमेन, होस्टिंग ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत असा माझा समज होता. माझं काम मुद्रितशोधनाचं. अकरा वर्षं त्याच नावाच्या ईमेलवर लेखकांची हस्तलिखितं येताहेत. साइट ज्यांनी करून दिली त्यांनीच तेव्हा नावही घेतलं, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर. त्यात फसवणूक नव्हती, तेव्हाची ती सोय होती. पुढे त्यांनी तो व्यवसायच सोडला. इकडे होस्टिंगवाल्यांकडे साइट आठवड्यातून दोनदा झोपायची, आणि तक्रार केली की दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा.

पहिल्या फोनवर मी माझा बेत तुम्हाला ऐकवला होता. मुदत संपू द्यायची, नाव मोकळं झालं की आपल्या नावावर नव्यानं घ्यायचं, कटकट नको. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल पहिले आभार. एवढंच विचारलंत, "आणि मधल्या दिवसांत तुमची पत्रं कुठे जातील?" मग नीट समजावलंत. डॉट कॉमसारखं नाव मुदत संपल्या क्षणी मोकळं होत नाही. रजिस्ट्रार, म्हणजे नावांची नोंद करणारी कंपनी, ते ४५ दिवसांपर्यंत राखून ठेवू शकतो, पुढचे ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवस ते कुणाच्याच हाती लागत नाही, आणि त्यानंतर जो आधी झडप घालेल त्याचं. वर्षानुवर्षं वापरातली नावं टिपायला तिथे यंत्रं लावून बसलेले लोक असतात. माझ्यासारखीनं चहा ठेवून निवांत संगणक उघडेपर्यंत नाव गेलेलं असतं.

त्या दिवशी तुम्ही कागदावर तीन चौकोन काढून त्याचा फोटो पाठवलात. पहिल्यात रजिस्ट्रार, म्हणजे नाव कुणाचं ही नोंद. दुसऱ्यात नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारा. तिसऱ्यात होस्टिंग, म्हणजे सामान जिथे ठेवलंय ती जागा. माझे तिन्ही चौकोन एकाच कंपनीत असल्यामुळे मधली शिवणच मला कधी दिसली नव्हती. तो कागद अजून टेबलासमोर चिकटवलेला आहे.

कामाचा क्रम तुम्ही ठरवलात आणि तो माझ्या घाईच्या बरोबर उलटा होता. मला आधी नाव हलवायचं होतं, कारण मुदतीची तारीख डोळ्यांपुढे नाचत होती. तुम्ही म्हणालात, आधी सामान, मग पत्ता, नाव सगळ्यात शेवटी. कारण पत्ता सांगण्याचं काम जुन्या कंपनीचेच नेमसर्व्हर करत होते. नाव त्यांच्याकडून गेलं की ती सेवा ते कधी बंद करतील याचा नेम नाही.

सामान हलवणं सोपं गेलं. फाइली, डेटाबेस, आणि जुनी पत्रं माझ्या संगणकावर उतरवून घेणं, सगळं एका दुपारात झालं. त्यानंतरची गंमत मात्र मला फार आवडली. जगाला साइट जुन्याच ठिकाणी दिसत असताना मला एकटीला ती नव्या सर्व्हरवर पाहता आली. माझ्या संगणकातल्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये तुम्ही एक ओळ लिहायला लावलीत, आधी नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, मग जागा सोडून माझं डोमेन. बस. नंतर मी त्या फाइलबद्दल वाचलं. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी आजची व्यवस्था, नव्हतं तेव्हा सगळ्या जाळ्यातल्या संगणकांची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि सगळे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले, यादी आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादी गेली, पण ती फाइल प्रत्येकाच्या संगणकात अजून आहे आणि अजूनही तिलाच आधी विचारलं जातं. काम झाल्यावर ती ओळ काढायला तुम्ही दोनदा बजावलंत. तरी मी विसरलेच, पण ते जाऊ दे.

आता ज्या रात्रीसाठी हे पत्र आहे त्या रात्रीबद्दल.

जुन्या ठिकाणचे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट कुठे, पत्रं कुठे हे सांगणाऱ्या ओळी, जसेच्या तसे नव्या नेमसर्व्हरवर उतरवायचे, म्हणजे बदलाच्या काळात कुणी जुन्याला विचारो की नव्याला, उत्तर एकच मिळेल. दोन दिवस आधीच तुम्ही टीटीएलचा आकडा ८६४०० वरून ३०० वर आणायला लावला होता, दोन्हीकडे. तो कशाला, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मी रेकॉर्ड उतरवले, नेमसर्व्हर बदलले, साइट छान उघडली, मी खुशीत तुम्हाला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकही पत्र नाही. दुपारी एका लेखकाचा फोन, "अहो, तुमचा पत्ता अस्तित्वातच नाही म्हणतात." रात्री साडेनऊला मी तुम्हाला फोन लावला तेव्हा तुम्ही जेवत होतात. ताट बाजूला सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला होता.

तुम्ही म्हणालात, "एमएक्सची ओळ वाचा, पत्रं कुठे पोचवायची ते सांगणारी. अक्षर न् अक्षर वाचा, मनानं काही जोडू नका."

मी वाचलं. एमएक्स, दहा, मेल डॉट, माझं नाव, डॉट कॉम.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"जुन्या ओळीत होतं का काही?"

होतं. शेवटी एक पूर्णविराम होता. मी तो खोडला होता. ते वाक्य नाही, क्रियापद नाही, मग तिथे पूर्णविराम कशाला? छापताना चुकून पडलेलं टिंब समजून मी ते सवयीनं काढून टाकलं. फोनवर दोघीही क्षणभर गप्प होतो, मग तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू आवरेना.

मग सांगितलंत. त्या रेकॉर्डमध्ये नावाच्या शेवटी टिंब असलं तर नाव तिथे पूर्ण झालं. नसलं तर सर्व्हर ते अर्धवट समजतो आणि पुढे डोमेन स्वतःच जोडतो. म्हणजे जग माझी पत्रं घेऊन ज्या पत्त्यावर जात होतं त्यात माझं नाव आणि डॉट कॉम दोनदा होतं, आणि असं घर कुठेच नव्हतं. पूर्णविरामाचा याहून शब्दशः अर्थ मी आयुष्यात पाहिलेला नाही. टिंब परत घातलं. तुम्ही म्हणालात, पाच मिनिटं थांबा. तेव्हा ३०० चा अर्थ कळला: चुकीचं उत्तर बाकीच्या सर्व्हरनी ३०० सेकंदच लक्षात ठेवायचं होतं. जुनाच आकडा असता तर अख्खा दिवस गेला असता. काही पत्रं परत गेली होती, ती लोकांनी पुन्हा पाठवली. जी पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरवर अडकून होती ती रात्रीतून एकेक करून आली. दोन्हीकडची उत्तरं जुळवून पाहा, असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी फक्त साइट पाहिली होती, एमएक्सकडे ढुंकून बघितलं नव्हतं. तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत.

नावाच्या ट्रान्सफरबद्दल थोडक्यात. साइट करून देणाऱ्यांना पाठवायचं चार ओळींचं पत्र तुम्हीच सुचवलंत, त्यात तक्रारीचा शब्द नव्हता, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी खातं उघडून दिलं. मी उत्साहात मालकाचं नाव बदलायला निघाले होते, तुम्ही थांबवलंत. डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार नाव किंवा ईमेल बदलला की डोमेनला ६० दिवस ट्रान्सफरचं कुलूप लागू शकतं, म्हणून आधी हलवा, मालक नंतर बदला. लॉक काढलं, ऑथ कोड पडद्यावर आला, तो मी तुम्हाला वाचून दाखवायला लागले तर तुम्ही जवळजवळ ओरडलात, "मला सांगू नका! ती किल्ली आहे, कुणालाच सांगायची नाही." तुम्ही माझा पासवर्डही कधी मागितला नाहीत. मी दोनदा स्वतःहून देऊ केला, तरी नाही.

मग पाच दिवसांची वाट. जुन्या रजिस्ट्रारनं त्या मुदतीत हरकत घेतली नाही तर ट्रान्सफर आपोआप मंजूर. मौनं संमतिलक्षणम्, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, हे आमच्या टीमला सांगते. सहाव्या दिवशी नाव माझ्या खात्यात होतं, मुदतीत एक वर्ष वाढून, उरलेले दिवसही न बुडता. मालकाच्या जागी माझं नाव त्यानंतर आठवड्यानं लागलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याऐवजी नव्या मुलांसाठी तुम्ही लिहिलेलं डीएनएसचं बारा पानी टिपण तपासायला दिलंत. ते सोबत परत पाठवते आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरेच दुरुस्त केलेत, तिसऱ्या पानावरचं एक वाक्य फार लांबलं होतं ते तोडलं आहे. नवव्या पानावर नमुन्याच्या सहा ओळी आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी पूर्णविराम आहे. त्यांना मी हात लावलेला नाही.

आपली,
एक मुद्रितशोधक