ताई, तुरीच्या दाण्यांसाठी थँक्यू

ताई, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे माहितीये. पण मूल्यमापनाच्या ट्रेनिंगच्या त्या तीन दिवसांत अंबाजोगाईला आपल्यासोबत हॉलमधे जे जे बसले होते त्यांना बरोबर कळेल मी कोणाबद्दल लिहायलेय. फोनवर दोनदा थँक्यू म्हणलं होतं मी पण ते घाईघाईत झालं, आणि आता ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्यात, गाव निम्मं रिकामं पडलंय, संध्याकाळी जरा वेळ मिळतोय म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यांसमोर यासाठी की लेकरांच्या कामात असलेल्या बाकीच्या ताई-दादांनी पण हे वाचावं.

त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आम्ही बीड जिल्ह्यात केज-धारूर भागात कुटुंब बैठका घेतो. म्हणजे बाप वारलेला, आई कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला, लेकरू म्हाताऱ्या आजीकडं, किंवा पोरगी शाळेतून काढलेली आणि घरात स्थळं बघणं चालू, अशा वेळी लेकराला उचलून सरळ संस्थेत टाकायच्या आधी आई, आजी, मामा, चुलते आणि ते लेकरू सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि ठरवायचं की याचं कोण काय करणार. बाल न्याय कायदा २०१५ मधे पण हेच तत्त्व आहे, लेकराची पहिली जबाबदारी घरच्यांची आणि संस्था हा शेवटचा उपाय. बैठकीत जे ठरतं ते सामाजिक तपास अहवालासोबत, म्हणजे आपल्या फॉर्म २२ सोबत, बाल कल्याण समितीसमोर जातं. निर्णय समितीचाच, पण समितीला घर कळतं.

आता या बैठकांचा लेकरांना खरंच उपयोग होतो का, हे विचारायची वेळ आली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता ताई. कारण आधीचा अनुभव. दोनेक वर्षांपूर्वी एका बाहेरच्या एजन्सीची पोरं टॅब घेऊन आली होती, एका दिवसात वस्तीवरची सगळी घरं उरकली, आजीबाईंना उभ्या उभ्या प्रश्न विचारले आणि गेली. त्यात काय निघालं ते ना आम्हाला कळलं ना त्या घरांना. त्यामुळं मूल्यमापनाचं ट्रेनिंग म्हणल्यावर आम्ही सगळे आमच्या फायली नीट लावून, राहिलेल्या सह्या घेऊन आलो होतो, वाटलं आमचीच झडती आहे.

आणि तुम्ही पहिल्या दिवशी फाईल उघडायलाच सांगितली नाही. तुम्ही म्हणलात की घर ज्याला माहिती आहे त्यालाच तपासायला शिकवायचं म्हणून आलेय, फक्त प्रत्येक तराजूला पासंग असतो, आपला कुठल्या बाजूला आहे ते ओळखता आलं पाहिजे. हे वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मग तुम्ही न्यूझीलंडचं सांगितलं. मला तोवर माहितीच नव्हतं की आपण जे करतो त्याचं मूळ तिकडं आहे. तिथले माओरी लोक म्हणत होते की सरकारची माणसं येतात, आमची लेकरं घेऊन जातात, आमच्या भावकीला कोणी विचारत नाही, आणि मग १९८९ च्या कायद्यात तिथं कुटुंबाची बैठक बसवणं आलं. त्यातली एक गोष्ट ऐकून आमचा सगळा हॉल गप्प झाला होता. अधिकारी आणि कार्यकर्ते माहिती सांगतात आणि मग उठून बाहेर जातात, घरचे एकटे बसून ठरवतात, मग परत आत बोलावतात. ताई, आम्ही कधी उठलोच नव्हतो. इतक्या बैठका घेतल्या, एकदाही नाही. आमच्याकडच्या मार्गदर्शक कागदात ती ओळ होती सुद्धा, कुटुंबाला स्वतंत्र वेळ द्यावा, पण आम्ही ती चहाची सुट्टी समजत होतो.

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही एवढंच म्हणलात की पद्धत जशी ठरली तशी होतीय का ते आधी बघा आणि मग तिचा उपयोग झाला का ते विचारा, मिरगात पेरायचं बियाणं पोळ्याला पेरून बियाणं खोटं म्हणता येत नाही. ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोरीला जेवढी कळती तेवढी कुठल्याच पीपीटीनं कळली नसती.

आणि मग ते तुरीचे दाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोटी खोटी बैठक घेतली आपण. टेबलावर चहाचे कागदी कप मांडले, प्रत्येक कपावर स्केचपेननं लिहिलं, आई, आजी, मामा, चुलता, मुलगी, कार्यकर्ती. मागं आमचे एक दादा वाटीभर तूर घेऊन बसले, जो बोलेल त्याच्या कपात एक दाणा. मी कार्यकर्ती झाले होते. मला वाटत होतं मी लई छान चालवली बैठक, सगळ्यांना बोलतं केलं, कोणाला तोडलं नाही. वीस मिनिटांनी कप बघितले तर माझा कप निम्म्याच्या वर भरलेला, मामाचा बरा, चुलत्याचा बरा, आईच्या कपात चार-पाच दाणे आणि मुलीच्या कपात एक. तो एक दाणा ज्याच्यासाठी पडला होता तो शब्द होता "हूं". आणि मी फॉर्ममधे "मुलाचा/मुलीचा सहभाग" यापुढं हो लिहून मोकळी झाले होते. मागं बसलेल्या दादांनी वेगळा फॉर्म भरला होता, त्यांनी लिहिलं होतं, एकदाच बोलली, ती पण मान खाली घालून. एकच बैठक, दोन फॉर्म. तुम्ही दोन्ही फॉर्म भिंतीला शेजारी शेजारी चिकटवले आणि कोणाचं बरोबर असं विचारलंच नाही, विचारलं की सहभाग म्हणजे काय हे आपण आधी ठरवलं होतं का. नव्हतं ठरवलं. मग पूर्ण दुपार आम्ही तेवढ्या एका शब्दावर भांडलो, आणि शेवटी जे लिहिलं ते आज पण आमच्या फॉर्मवर आहे, मुलीनं स्वतःहून निदान एक गोष्ट सांगितली का, ती तिच्याच शब्दांत लिहा, आणि ठरलेल्या योजनेत ती आली का.

त्या दाण्यांनी माझं काम बदललं. खऱ्या बैठकीत कप ठेवत नाही, सोबतचे दादा वहीत रेघा मारतात, पण मला बोलताना तो कप डोळ्यासमोर दिसतो आणि मी थांबते.

दुसरी गोष्ट प्रश्न कोणी विचारायचा याची. आम्ही काय करायचो, बैठक संपली की तिथंच विचारायचो, समाधान झालं का? सगळे हो म्हणायचे. कोण नाही म्हणेल हो, त्याच बाईला उद्या बाल संगोपन योजनेच्या २२५० रुपयांसाठी माझ्याकडं कागद घेऊन यायचंय. हे इतकं साधं आहे आणि आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता ज्यानं बैठक घेतली तो विचारायला जातच नाही, दुसऱ्या क्लस्टरचं, म्हणजे दुसऱ्या गावगटाचं, माणूस जातं, आठ-दहा दिवसांनी, घरी, एकेकट्याला भेटतं आणि आधी स्पष्ट सांगतं की तुम्ही काय पण बोललात तरी पैसे थांबणार नाहीत, नको वाटलं तर बोलू पण नका. आणि विचारायचं समाधान झालं का असं नाही, विचारायचं की तुम्हाला काय सांगायचं होतं जे राहून गेलं. या एका प्रश्नावर मागच्या चार महिन्यांत जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या फायलींत मिळून नव्हतं.

आता ते कोयत्याचं. हे मी मुद्दाम लिहिते कारण यात तुमचा मोठेपणा आहे. तुम्ही आणलेल्या आराखड्यात तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी भेट असं होतं. आम्ही भीतभीत सांगितलं की ताई, इथं दसऱ्यानंतर घराला कुलूप असतं, गुढीपाडव्याच्या मागंपुढं माणसं येतात, भाद्रपदात बैठक झाली तर तुमचे तीन महिने म्हणजे ते सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. जे घरी सापडतील त्यांचेच फॉर्म भरले जातील, आणि घरी सापडणारे म्हणजे ज्यांचं बरं चाललंय ते. दुसरा कोणी असता तर म्हणला असता सापडतील तेवढे करा. तुम्ही पेन ठेवला आणि आम्हाला उभं केलं फळ्यापुढं, म्हणलात मला वर्ष काढून दाखवा. मग आम्ही काढलं, उचल म्हणजे आगाऊ पैसे कधी मिळतात, टोळी कधी निघते, हंगामी वसतिगृह कधी चालू होतं, लेकरू कोणाकडं राहतं, पट्टा कधी पडतो म्हणजे हंगाम कधी संपतो. त्यावरून तुम्ही भेटींचं पूर्ण वेळापत्रक बदललं. फॉर्मला कोयत्याचा रकाना आला, पूर्ण कोयता म्हणजे नवरा-बायको जोडीनं, अर्धा कोयता म्हणजे एकटं माणूस, गेले नाहीत. फडावरच्या माणसाला फोन कधी करायचा, तर रात्री जेवणानंतर, पहाटे तोडीला जाणाऱ्याला दिवसा फोन करून काय उपयोग, हे सुद्धा लिहून घेतलंत. आणि जे सापडले नाहीत त्यांची वेगळी यादी, कारणासहित, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामं, नाही, माहिती नाही आणि लागू नाही या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्ही इतक्यांदा म्हणलात की आता आम्ही एकमेकांना घरगुती बोलण्यात पण तसंच विचारायलोत.

एक घर सांगते, गाव, इयत्ता काहीच सांगत नाही, लेकराची ओळख उघड करायची नाही हे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चं तुम्ही सांगितलेलं पक्कं लक्षात आहे. तेरा-चौदा वर्षांची पोरगी, आजी थकलेली, आई-बाप टोळीसोबत जाणार, आणि तिला एकटी कशी ठेवायची म्हणून लग्नाचं बोलणं. आमच्या मनात तिला वसतिगृहात ठेवायचं पक्कं होतं. पण या वेळी आम्ही माहिती सांगितली, कायदा सांगितला की १८ च्या आत लग्न हे ठरवायच्या गोष्टीतच नाही, भावकी बसली म्हणून ते ठरवता येणार नाही, आणि उठलो. बाहेर लिंबाखाली बसलो, पाऊण तास. आतून आवाज चढल्याचं ऐकू येत होतं आणि मला सारखं वाटत होतं उठून जावं. दादांनी हात धरून बसवलं. आत बोलावलं तेव्हा त्यांनी असं ठरवलं होतं जे आमच्या डोक्यात पण नव्हतं, की या वर्षी चुलती जाणार नाही, तिचा नवरा अर्ध्या कोयत्यावर जाईल, चुलती दोन्ही घरची लेकरं सांभाळेल आणि तिच्या बुडालेल्या उचलीतला काही भाग मामा देईल. पोरीनं स्वतःहून सांगितलेली गोष्ट एकच होती, चुलतीजवळ झोपायचंय, आजीला रात्री ऐकू येत नाही. तिच्याच शब्दांत लिहिली.

पुढचं पण सांगते कारण तुम्ही विचारणारच. मामानं पूर्ण पैसे दिले नाहीत. चुलती राहिली, पोरगी शाळेत जाती, पण चुलतीच्या बोलण्यात नाराजी आहे आणि ती नाराजी दुसऱ्या क्लस्टरच्या ताईंनी जशीच्या तशी फॉर्मवर आणली. आधीची मी असते तर लिहिलं असतं, योजना यशस्वी. आता लिहिलं, अर्धी पाळली गेली, पैशाचं नाही. आणि त्यामुळंच आम्ही मामाला वेळेत परत भेटायला गेलो.

बैठकीमुळंच शाळा टिकली असं लिहू का हे मी फोनवर विचारलं होतं, तुम्ही नको म्हणलात. ज्या घरांत बैठक झाली नाही तिथली परिस्थितीच वेगळी होती, त्यामुळं सरळ तुलना होत नाही, जे बघितलं तेवढंच लिहा. तेव्हा जरा वाईट वाटलं होतं मला, आता नाही वाटत.

दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या अगोदर, जे जमा झालं होतं ते आम्ही दोन वस्त्यांवर वाचून दाखवलं, नावं-गावं काढून. हे पण तुमचंच, ज्यांनी सांगितलं त्यांना परत सांगा. एक म्हातारी सगळं ऐकून झाल्यावर म्हणली, "आमी बोललेलं कामून लिहिता म्हणून राग येयाचा बाई, आज पहिल्यांदा वाचून दावलं." मग तिनंच एक चूक काढली, एका ठिकाणी आम्ही चुलता लिहिलं होतं तिथं आजोबा पाहिजे होते.

पाडव्यानंतर माणसं परत आली की राहिलेल्या भेटी लागतील. गैरहजर यादी तयार आहे, फोनवर झालेले फॉर्म वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेत. तुम्ही तेव्हा आठ दिवस काढून या, अंबाजोगाईला लॉजवर उतरू नका, सरळ केजला घरी या. आईला सांगून ठेवलंय, तूर पण घरचीच आहे या वर्षी.

तुमची,
केजची कार्यकर्ती (निम्मा कप भरलेली)