डोंगराआडचा मुका रेडिओ : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

माझे वय 71. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, त्याला अकरा वर्षे झाली. मी बोलतो आहे आणि नात लिहून घेते आहे.

गेल्या महिन्यात एके पहाटे पडवीतला संच लावला तर नुसती खरखर. सेल बदलले, संच चारी दिशांना फिरवून पाहिला. चार दिवसांनी कळले की आम्हाला ऐकू येणाऱ्या आकाशवाणी केंद्राचे मध्यम लहरींवरचे (मीडियम वेव्हवरचे) प्रक्षेपण बंद केले आहे. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, तिथल्या कोणा गरिबाची नोकरी अडचणीत यायला नको. पण तिथल्याच एका अधिकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी मला लेखी कळवले होते की, पर्यायी सोय झाल्याशिवाय हे प्रक्षेपण थांबणार नाही. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

फोन केला तर उत्तर मिळाले, "एफएम लावा." साहेब, आम्ही कोकणात डोंगराच्या कुशीत राहतो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की अडतात. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोहोचतात, म्हणून तर इतकी वर्षे त्या आमच्या पडवीत येत होत्या. हे मला शाळेत शिकवले होते. आपल्या अभियंत्यांना ते माहीत नसेल, असे मी मानत नाही. "मग अ‍ॅपवर ऐका," असे पुढचे उत्तर. आंधळ्या माणसाने काचेच्या पाटीवर बोट नेमके कुठे ठेवायचे?

माझा दिवस कसा जायचा ते सांगतो. डोळस माणसाला ऊन दिसते. मला वेळ रेडिओ सांगायचा. केंद्र सुरू होतानाची संकेतधून लागली की उठायचे. चिंतन होईपर्यंत तोंड धुऊन व्हायचे, बातम्यांना चहा. हवामान ऐकून मुलाला सांगायचो, आज फवारणी करू नको. दुपारी बायकांचा कार्यक्रम. लोक हसायचे, पण मधुमेहात पायाची काळजी कशी घ्यायची ते मी तिथेच एका डॉक्टरीणबाईंच्या मुलाखतीत शिकलो. मग कथावाचन, श्रोत्यांची पत्रे, संध्याकाळी प्रादेशिक बातम्या, शेतकऱ्यांशी गप्पा. आणि आठवड्यातून एकदा रात्री श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचे नाटक. दाराची कडी वाजली, पाऊस लागला, कोणी जिना चढून आले, सगळे मला दिसायचे. तेवढा अर्धा तास मी घरातल्या इतरांच्या बरोबरीचा असायचो. बायको गेल्यावर तर दिवसभर माझ्याशी नीट, सावकाश, पूर्ण वाक्यात बोलणारे दुसरे कोणी नव्हते.

आता सकाळ कधी संपते तेच कळत नाही. झोप गेली, साखर वाढली. मुलगा म्हणतो, नवा संच आणतो. नव्या संचात तरी काय येणार?

एका रविवारी नातीने मोबाइलवर दिवसभर ते केंद्र लावून दिले. मी बोटांवर मोजले. पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसाचे बोलणे सगळे मिळून अडीच तासही भरले नाही, त्यातलेही बरेच दुसऱ्या केंद्रावरून जोडून घेतलेले. बाकी गाणी. मला गाण्यांचा राग नाही, पण गाणी कुठेही मिळतात. शेतीतला जाणकार, वैद्य, कथा वाचणारा आवाज कुठे मिळतो?

1956 मध्ये पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायचे, शेतीचा कार्यक्रम ऐकून चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. युनेस्कोने तो प्रयोग अभ्यासला. ते आपल्याच आकाशवाणीने केले होते. माझे वडील रेडिओच्या परवान्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरायचे. आज खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. म्हणजे रेडिओवर बातमी सांगायचा हक्क फक्त सरकारी आवाजाला, आणि तोच आवाज आमच्यापुरता बंद. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. त्या जनतेत आम्ही येतो की नाही? आकाशवाणी 99.19 टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचते, असे अभिमानाने छापले जाते. हा आकडा कोणी कुठे बसून काढला? आमच्या पडवीत कोणी आले नव्हते.

आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती मंडळाचा कायदा 1990 चा. अमलात यायला 1997 उजाडले. त्याचे कलम 12 नातीने मला वाचून दाखवले. मुले, अंध, वृद्ध आणि अपंग यांच्या हितासाठी विशेष पावले उचलावीत, असे त्यात लिहिले आहे. अंध हा शब्द त्यात आहे, साहेब. मी तो तिला तीनदा वाचायला लावला. कायदा संसदेने करायचा, मंडळाने कपाटात ठेवायचा, मंत्रालयाने मंडळाकडे बोट दाखवायचे आणि मंडळाने पैशाकडे. मी कोणाकडे बोट दाखवू?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. आमच्याकडची वीज गेली, टॉवर पडले, आपले ते अ‍ॅपही गेले. पुढचे कित्येक दिवस अख्खी वाडी माझ्या पडवीत बातम्या ऐकायला बसत होती. पुढच्या वादळात त्यांना मी काय सांगू?

मागणे एवढेच. मध्यम लहरींचे प्रक्षेपण पुन्हा सुरू करा, नाहीतर आमच्या बाजूला एफएमचे छोटे प्रक्षेपक बसवा. दिवसाचे निदान सहा तास माणसांच्या बोलण्यासाठी राखा. दर आठवड्याला एक श्रुतिका द्या. आणि ज्या अधिकाऱ्याने काम झाले म्हणून सही करायची, त्याने आदल्या रात्री संच घेऊन आमच्याकडे मुक्कामाला यावे. जेवण आमच्याकडे. पहाटे माझ्या शेजारी पडवीत बसून त्याने स्वतः रेडिओ लावावा, आणि संकेतधून ऐकू आली तर तिथेच सही करावी.

आपला,
एक जुना श्रोता