दवाखान्याच्या पत्र्यांआधी आठ पिशव्या

संपादक महोदय,

हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या पिकांचा लिलाव आटोपला, की जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) पंच कमिटीत एक विषय हमखास निघतो : बंद पडलेला मिशनचा दवाखाना पुन्हा सुरू करायचा. पत्रे बदलायचे, रंग द्यायचा, कोणी देऊ केलेले जुने यंत्र आणायचे. याद्या होतात, वर्गणी जमते. मग डॉक्टर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही आणि पुढच्या सणाला पुन्हा पत्र्यांपासून सुरुवात होते.

यामागची कळकळ खरी आहे, म्हणूनच हे लिहावेसे वाटते. हा पैसा आधी इमारतीत घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विश्वास धैर्याने कसा जगायचा आणि जे अजून दिसत नाही त्याची तयारी आजच कशी करायची, याचा नमुना आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, 1970 पासून उभा आहे. त्याची मदार भिंतींवर कधीच नव्हती.

आशेविषयी आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात मात्र आशेचे चक्क खरेदीखत आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आणि अशा वेळी तो चुलत्याच्या मुलाकडून अनाथोथचे शेत विकत घेतो. 17 शेकेल रुपे तागडीत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खताची एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो आणि दोन्ही आपला लेखक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेववतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. 17 शेकेल म्हणजे आजच्या मापाने साधारण 200 ग्रॅम चांदी. संदेष्ट्याच्या आशेला वजन आहे, साक्षीदार आहेत आणि कागद जपायला मडकेही आहे. आपल्या आशेला हे सगळे असते का, एवढे पंच कमिटीने एकदा स्वतःला विचारावे.

जामखेडचा नमुना उभा करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की बहुतेक रुग्ण टाळता येण्याजोग्या आजारांनी येतात, बरे होतात आणि त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जातात. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. पाठोपाठ मोठा दुष्काळ. त्या काळी जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला.

तो कसा खाली आला, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पहिली योजना फसली होती. गावोगावी शिकलेल्या परिचारिका ठेवायचे ठरले होते. बाहेरून आलेली एकटी मुलगी गावात राहायला घाबरायची. गावातल्या बायांना ती परकी वाटायची आणि तिचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचायचे नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांपैकी कित्येक दलित, कित्येक निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला मुक्कामी प्रशिक्षणाला येत. पहिला धडा औषधाचा नसायचा, स्वतःचे नाव मोठ्याने सांगण्याचा असायचा. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख असलेल्या बाईला स्वतःचे नाव चारचौघांत उच्चारायला धीर लागतो. रात्री सगळ्या जातींच्या बायांनी एकाच मोठ्या गोधडीत झोपायचे. जेवण एकत्र. जातीवर व्याख्यान देण्यापेक्षा ही गोधडी अधिक परिणामकारक ठरली.

पाण्याचेही तसेच. दुष्काळात हातपंप द्यायची वेळ आली, तेव्हा भूजल शोधणाऱ्याला आधीच सांगून ठेवले, की जागा दलित वस्तीत दाखवायच्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यायचे. यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईकडे प्रभूने पाणी मागितले, त्या विहिरीचा अर्थ हातपंपाच्या दांड्यात उतरला तो असा. आम्हाला यातले धैर्य मोठे वाटते, कारण ते बोलण्यात नाही, जागा ठरवण्यात आहे.

याच बायांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक साधी गोष्ट मांडली होती : छताला टांगलेले झुंबर मोठे आणि देखणे खरे, पण हातातल्या पणतीने दुसरी पणती लावता येते. 1978 मध्ये आल्मा आटा येथे जगाने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा मान्य केला, त्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेड होते. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा इतिहास आपल्या किती रविवारच्या शाळांत शिकवला जातो?

आता आजचे. 1970 आणि आज यांत मोठा फरक असा, की प्रत्येक गावात आता आशा स्वयंसेविका आहे, साधारण हजार लोकवस्तीला एक. मंडळीने तिच्या शेजारी दुसरी चूल मांडू नये. आशाताईंवर नोंदींचा आणि फेऱ्यांचा भार इतका आहे, की म्हातारी माणसे, रक्तदाबाचे जुने रुग्ण आणि ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे अनेकदा सुटतात. मंडळीच्या बायांनी तिथे हात द्यावा. आठ गावे किंवा वाड्या निवडाव्यात आणि प्रत्येक ठिकाणची एक बाई घ्यावी. निवड पाळकांनी किंवा पंचांनी करू नये. वस्तीने करावी आणि ती बाई ख्रिस्ती असलीच पाहिजे अशी अट नसावी. इथे बहुतेक मंडळ्या अडखळतात. पंचाची सून निवडली जाते, ती चार महिने येते आणि सोडून देते. वस्तीने निवडलेल्या बाईला वस्ती सोडू देत नाही.

या प्रत्येक बाईला एक आरोग्याची पिशवी द्यावी. तिच्यात फार काही लागत नाही. नवजात बाळासाठी झोळीसह पाच किलोचा स्प्रिंगचा काटा, दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी, डिजिटल थर्मामीटर, दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र, ओआरएसची (जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या भुकटीची) दहा पाकिटे, झिंकच्या गोळ्या, साबण, विजेरी आणि शंभर पानी वही. इंजेक्शन, सलाईन, प्रतिजैविके यांना पिशवीत जागा नाही. तो कायद्याने डॉक्टरांचा प्रांत आहे. लोक सलाईन मागतीलच. जुलाब झालेले जे मूल पिऊ शकते, त्याला पाजणे हाच उपचार आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

ओआरएसचेच घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवणे. बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटेही मिळतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. मीठ जास्त झाले तर फायद्याऐवजी बाळाला धोका होतो. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन ती घराघरात माप म्हणून ठरवून द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, पाच मिलीचा, शिगोशीग नव्हे. आधी चव घ्यावी. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू. 24 तासांनी उरलेले फेकायचे. सोबत झिंक 14 दिवस : सहा महिन्यांच्या आत रोज 10 मिलिग्रॅम, पुढे 20. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई झिंकही थांबवते. म्हणून गोळ्या मोजून द्याव्यात आणि दहाव्या दिवशी पाकीट बघायला जावे.

दंडाची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. 11.5 ते 12.5 च्या मध्ये असेल तर अंगणवाडीत सांगून पुन्हा मोजत राहायचे. पट्टी आवळून ओढली की धडधाकट मूलही लाल रंगात जाते आणि आई घाबरते. ढिली ठेवली की आजारी मूल हिरव्यात दिसते, हे जास्त वाईट.

न्यूमोनियासाठी यंत्र लागत नाही, छाती बघून श्वास मोजायचे. मूल शांत असताना, अंगावर पीत नसताना, कपडा वर करून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल किंवा झटके येत असतील, तर मोजत बसायचे नाही. 108 ला फोन.

रक्तदाबात चूक होते ती घाईने. पाच मिनिटे पाठ टेकून बसवावे, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर, पट्टा कपड्यावरून नको, मोजताना बोलणे नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. 140/90 किंवा त्याच्या वर दोन वेगवेगळ्या दिवशी आले, तर डॉक्टरांकडे. गोळी चालू झालेला माणूस बरे वाटले की ती सोडतो आणि तिथून पक्षाघाताची वाट सुरू होते. खरे काम त्या दाराशी महिन्यातून एकदा जाण्याचे आहे. उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात शिबिर घेऊन ते होत नाही.

हे सगळे शिकवायला सहा महिने लागतात, आठवड्यातून एक दिवस. एका दिवशी एकच विषय, आणि मागचा विषय त्या बायांनी एकमेकींना शिकवून दाखवायचा. शिकवायला निवृत्त परिचारिका हवी. आपल्या मंडळ्यांत अशा परिचारिका भरपूर आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, याचे दुःख होते.

शंकेचा प्रश्न टाळून चालणार नाही. ख्रिस्ती लोक वस्तीत आले, की हेतूविषयी कुजबुज होते. त्याला रागाने उत्तर देऊ नये आणि घाबरून घरीही बसू नये. उत्तर उघडेपणाने द्यावे. पिशवीत पत्रके नकोत. औषधाआधी प्रार्थनेची अट नको. कोणी आपणहून प्रार्थना मागितली तर ती त्या माणसाच्या इच्छेची गोष्ट. किती रुपये आले, कशावर गेले, याचा कागद दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. वस्तीतले पाच जण, निम्म्याहून अधिक बिगर ख्रिस्ती, हिशेब तपासणारे असावेत. परदेशी पैसा घेऊच नये असे आम्ही सुचवतो. त्यासाठी परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो फक्त दिल्लीतील ठरलेल्या स्टेट बँक शाखेच्या खात्यातूनच घेता येतो. त्या कागदपत्रांत छोट्या मंडळीचा दम जातो. आठ पिशव्यांना इतक्या दूरच्या पैशाची गरजही नाही. बायांचे मानधन मात्र पहिल्या दिवसापासून ठरवावे. ‘सेवा आहे, मोबदला कसला’ हे वाक्य गरीब बाईच्या तोंडावर फेकणे अन्यायाचे आहे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असे लूकच्या 10व्या अध्यायात प्रभूने पाठवलेल्यांविषयीच म्हटले आहे.

यंदाच्या लिलावातला भोपळा, उसाची मोळी आणि बाजरीची पेंढी बाजारभावाच्या कितीतरी पट चढेल, दरवर्षी चढते. तो पैसा वेगळ्या वहीत लिहावा. पहिल्या पानावर आठ वस्त्यांची नावे आणि त्यांपुढे रिकाम्या जागा ठेवाव्यात. नावे वस्त्यांच्या बैठकीत, वस्तीने सांगितल्यावर, तिथेच भरावीत.

आपले,
आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात काम करणारे काही मंडळी-सभासद,
अहिल्यानगर जिल्हा